बार्बाडोसमध्ये भाड्याची गाडी: शोधापासून परत करण्यापर्यंत

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही पाच जण एका आठवड्यासाठी बार्बाडोसला जाऊन आलो: मी, नवरा, आमची सहा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून न्यू जर्सीला आमच्याकडे राहायला आलेले माझे आई-बाबा. भारतीय पासपोर्टवर तेथे पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, न्यूयॉर्कहून थेट विमान आहे, त्यामुळे तिकिटे आणि राहण्याची जागा ही कामे एका संध्याकाळी उरकली. गाडी ठरवायला मात्र जवळजवळ तीन आठवडे लागले. आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, वाहतूक डाव्या बाजूची, रस्ते अनोळखी आणि विम्याचे कागद समजायला कठीण, अशा स्थितीत मी बरीच धास्तावलेली होते. कोणाला पुढे उपयोग व्हावा म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला प्रश्न पडला तो हा, की गाडी हवीच का. बार्बाडोस लहान आहे; उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३४ किलोमीटर आणि रुंदी सुमारे २३ किलोमीटर. सरकारी बस आणि झेडआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी व्हॅन बेटावर सर्वत्र फिरतात, आणि साडेतीन बार्बाडोस डॉलरमध्ये, म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलरमध्ये, कोठूनही कोठेही जाता येते. तरुण जोडप्याने दक्षिण किंवा पश्चिम किनाऱ्यावर राहून एवढ्यावर भागवले तर माझ्या मते ते उत्तमच. परंतु झेडआरमध्ये दाटीवाटीने बसावे लागते, चढ-उतार झटपट करावी लागते, आणि आईला ते जमण्यासारखे नव्हते. टॅक्सीला मीटर नसतो, भाडे आधी बोलून घ्यायचे असते. विमानतळावरून होलटाउनजवळच्या आमच्या मुक्कामाच्या घरापर्यंत ४० अमेरिकी डॉलर सांगितले गेले (पुढेही नुसते डॉलर म्हटले आहे तेथे अमेरिकी डॉलर समजावेत). रोज एक लांबचा आणि एक जवळचा फेरा धरला तरी आठवड्याचा टॅक्सीखर्च गाडीच्या भाड्यापेक्षा जास्त होत होता, आणि आई दमली की लगेच घरी परतण्याची मोकळीकही त्यात नव्हती. त्यामुळे गाडी घ्यायची हे ठरले.

मग कोणती? येथेच आमचा बहुतेक वेळ गेला. बार्बाडोसमध्ये भाड्याच्या गाड्यांचा व्यवसाय प्रामुख्याने स्थानिक, घरगुती स्वरूपाच्या कंपन्यांच्या हाती आहे. त्यांची संकेतस्थळे साधी असतात, उत्तरे ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि मोठ्या तुलना-संकेतस्थळांवर त्यांतल्या बऱ्याच दिसतही नाहीत. मी चार कंपन्यांना एकच मजकूर पाठवला: तारखा, प्रवाशांची संख्या, दोन मोठ्या आणि दोन लहान बॅगा, दोन चालक, ऑटोमॅटिक गिअर, आणि १७.५ टक्के मूल्यवर्धित कर धरून एकूण रक्कम किती. शेवटचा प्रश्न अवश्य विचारावा, कारण दोन ठिकाणी आधी दिसणारा दर कराशिवाय होता आणि त्यामुळे स्वस्त वाटत होता. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तेथे गर्दीचा हंगाम असतो आणि ऑटोमॅटिक गाड्या आधी संपतात. नोव्हेंबरमध्ये विचारूनही एका कंपनीकडे आमच्या तारखांना काहीच शिल्लक नव्हते.

मुलीला मोक हवी होती. बेटाच्या प्रत्येक छायाचित्रात ही दरवाजे नसलेली, कापडी छताची छोटी गाडी दिसते. मूळ मिनी मोक १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये विक्रीस आली. तिची कल्पना लष्करासाठी होती, पण जमिनीपासूनची उंची फार कमी असल्यामुळे लष्कराने ती नाकारली आणि ती समुद्रकिनाऱ्यांवर लोकप्रिय झाली. दोघांसाठी, किनाऱ्यालगतच्या लहान अंतरांसाठी ती खरोखर आनंदाची गाडी आहे. आमच्यासाठी ती बाद झाली ती तीन कारणांनी: सामान कुलूपबंद ठेवायला जागा नाही, पाऊस आला की बाजूने भिजायला होते, आणि बसायची जागा फार खाली.

ही बसण्याच्या उंचीची गोष्ट आमच्या बाबतीत निर्णायक ठरली, म्हणून ती सविस्तर सांगते. आई गाडीत बसताना आधी पाठ आसनाकडे करते, दाराची चौकट धरून टेकते, मग डावा पाय आत घेते आणि शेवटी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवते. आसन खाली असेल तर टेकताना सगळा भार गुडघ्यावर येतो. फार उंच असेल तर टेकताच येत नाही. बाबांनी टेप घेऊन आमच्या घरच्या गाडीच्या आसनाची जमिनीपासूनची उंची मोजली, ती ६३ सेंटिमीटर भरली, आणि आईला तिथे सहज बसता येते हे आम्हाला माहीत होते. मैत्रिणीच्या लहान हॅचबॅकमध्ये ती ५० च्या आसपास होती. तिथे आईला उठताना हात द्यावा लागला. "साठच्या वर आणि सत्तरच्या आत असलेली कोणतीही गाडी मला चालेल," असे आईनेच सांगून टाकले, आणि यादी एकदम लहान झाली.

सुझुकी स्विफ्टच्या वर्गातली गाडी दिवसाला ६८ डॉलरला मिळत होती, पण आसन खाली आणि डिकी सुमारे २६५ लिटरची, म्हणजे आमच्या बॅगा मांडीवर घ्याव्या लागल्या असत्या. जिम्नी दिसायला दणकट, परंतु मागे जायला पुढचे आसन वाकवून चढावे लागते आणि ती चार जणांचीच गाडी आहे. सात आसनांची व्हॅन आरामाची होती, पण पूर्व किनाऱ्याकडचे रस्ते अरुंद आहेत हे वाचल्यावर रुंद गाडीची मला धास्ती वाटली. उरली ती 'सुझुकी व्हिटारा किंवा तत्सम' हा वर्ग: डिकी सुमारे ३७५ लिटरची, आसन आईला हव्या त्या उंचीचे, रुंदी बेताची. कर धरून दिवसाला ९२ डॉलर, सात दिवसांचे ६४४. 'किंवा तत्सम' या दोन शब्दांखाली काहीही येऊ शकते, म्हणून मी कंपनीला लिहून विचारले की बदली गाडी द्यावी लागली तर ती पाच दरवाजांची आणि याच उंचीची असेल ना. होकार ईमेलवर आला, तो छापून ठेवला आणि २ डिसेंबरला गाडी पक्की केली.

मुलीसाठीचे बूस्टर आसन भाड्याने मिळत होते, पण आम्ही घरचेच नेले. विमान कंपन्या ते सहसा सामानात विनामूल्य घेतात आणि त्याची रुंदी आपल्याला माहीत असते. मागे तीन जण बसायचे असतील तर ही माहिती उपयोगी पडते. आई पुढे, आणि मागे बाबा, आमच्यापैकी एक जण व मुलगी अशी मांडणी आम्ही घरीच करून पाहिली होती.

यानंतर विम्याचा भाग, ज्याने मला सर्वांत जास्त थकवले. अमेरिकेतल्या आपल्या घरच्या गाडीचा विमा साधारणपणे अमेरिका, तिचे प्रदेश आणि कॅनडा येथेच लागू असतो. पोर्तो रिकोमध्ये तो चालतो, बार्बाडोसमध्ये नाही. भाड्याच्या दरात सक्तीचा तृतीयपक्षी विमा धरलेला होता, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या हानीची तजवीज होती. स्वतःच्या भाड्याच्या गाडीला काही झाले तर मात्र पहिले १५०० डॉलर आम्ही द्यायचे, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर रोखून ठेवली जाणार होती. दिवसाला आणखी १८ डॉलर दिले तर ही जबाबदारी ५०० वर येत होती.

आमच्या क्रेडिट कार्डाबरोबर भाड्याच्या गाडीचा विमा येतो, म्हणून १० डिसेंबरला कार्डाच्या विमा-विभागाला फोन केला. सुमारे ४० मिनिटे थांबल्यावर माणूस बोलायला मिळाला आणि त्याने शांतपणे सगळे सांगितले. संपूर्ण भाडे त्याच कार्डावर हवे, करारावर मुख्य चालक म्हणून कार्डधारकाचेच नाव हवे, दुसऱ्या चालकाचे नावही करारात नोंदलेले हवे, आणि कंपनीचे ऐच्छिक संरक्षण नाकारलेले हवे. काही कार्डांमध्ये काही देश वगळलेले असतात. जमैका, इस्रायल आणि आयर्लंड ही नावे अशा याद्यांत वारंवार दिसतात, त्यामुळे कॅरिबियनमध्ये जाणाऱ्यांनी आपले बेट यादीत आहे का हे विचारावेच. कार्डाचा विमा तृतीयपक्षाची हानी भरून देत नाही हेही त्याने स्पष्ट केले. मी त्याला विनंती केली की बार्बाडोसचे नाव असलेले संरक्षणपत्र ईमेलने पाठवावे, आणि ते दोन दिवसांत आले. हे पत्र हातात आल्यावर १८ डॉलरचे जादा संरक्षण न घेण्याचा निर्णय आम्ही निर्धास्तपणे घेऊ शकलो.

एक गोष्ट मात्र भाड्याच्या कराराचा नमुना आधीच मागवून वाचल्यामुळे कळली: टायर, चाकाची रिम, काचा आणि गाडीचा खालचा भाग कंपनीच्या संरक्षणात धरलेला नव्हता. नेमके हेच भाग तेथील रस्त्यांवर जोखमीत असतात, कारण अनेक ठिकाणी डांबराच्या कडेला पदपथ नसतो, थेट खोल गटार असते. आमच्या कार्डाच्या विम्यात अपघाताने झालेले टायरचे नुकसान धरलेले होते. जादा पैसे भरण्यापूर्वी ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत असे मी आग्रहाने सांगेन.

शनिवार, १५ फेब्रुवारीला दुपारी ग्रँटली अ‍ॅडम्स विमानतळावर उतरलो. इमिग्रेशनच्या रांगेत ५० मिनिटे गेली. बाहेर कंपनीचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा होता. त्याने आम्हाला सावलीत बसवले, आईसाठी गाडी अगदी जवळ आणली आणि बॉनेटवर कागद पसरून काम सुरू केले. बार्बाडोसमध्ये गाडी चालवण्यासाठी परदेशी परवान्याबरोबर तेथील तात्पुरता परवाना लागतो, आणि तो गाडीची कंपनीच काढून देते. आमच्याकडून प्रत्येकी १० बार्बाडोस डॉलर, म्हणजे ५ अमेरिकी डॉलर, घेतले. बार्बाडोसचे चलन १९७५ पासून दोनास एक या दराने अमेरिकी डॉलरशी बांधलेले आहे, त्यामुळे हिशेब सोपा होतो. फक्त सांगितलेली रक्कम कोणत्या डॉलरमध्ये आहे हे दर वेळी विचारून घ्यावे.

गाडीची पाहणी आम्ही घाई न करता केली. कराराच्या मागे गाडीचे रेखाचित्र असते आणि त्यावर जुन्या ओरखड्यांच्या फुल्या मारायच्या असतात. आमच्या गाडीचे बहुतेक ओरखडे डाव्या बाजूला होते: पुढच्या रिमच्या कडेला चंद्रकोरीच्या आकाराची घासलेली खूण, आरशाच्या टोकाला उडालेला रंग आणि मागच्या दाराखाली बोटभर लांबीची चीर. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय असलेले लोक उजवीकडे बसल्यावर डावीकडची जागा कमी धरतात, म्हणून सगळ्या गाड्यांना डावीकडेच मार बसतो, असे त्या माणसाने सांगितले. आठवडाभर हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. नवऱ्याने गाडीभोवती फिरत चित्रफीत घेतली, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांची छायाचित्रे काढली, स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना पाहिला. इंडिकेटरचा दांडा कोणत्या हाताला आहे हेही निघण्यापूर्वी पाहावे, नाहीतर वळणावर वायपर सुरू होतात. या सगळ्याला ३५ मिनिटे लागली. दरम्यान आई पुढच्या आसनावर बसून पाहून समाधानाने म्हणाली, "बरोबर आहे गं उंची."

पुण्यात मी डावीकडूनच गाडी शिकले होते, पण त्याला बरीच वर्षे झाली होती आणि मध्ये सगळी सवय न्यू जर्सीची. म्हणून आधी विमानतळाच्या वाहनतळातच काही फेऱ्या मारल्या आणि मग मुख्य रस्त्याला लागलो. प्रत्येक वळणापूर्वी मागे बसलेल्या नवऱ्याने "डावीकडे राहा" असे मोठ्याने म्हणायचे असे ठरले होते, आणि ते पहिले दोन दिवस फार उपयोगी पडले. विमानतळापासून ब्रिजटाउनला वळसा घालत जाणारा एबीसी महामार्ग हा बेटावरचा मोठा रस्ता. वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि वाटेत एकामागून एक राउंडअबाउट. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, आपली मार्गिका आत शिरण्यापूर्वीच धरायची. त्यांतल्या काहींना क्रिकेटपटूंची नावे आहेत: क्लाइड वॉलकॉट, एव्हर्टन वीक्स, गारफिल्ड सोबर्स. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली आणि सुनील गावसकरांनी त्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या, तेव्हा बाबा नुकतेच कॉलेजात गेले होते. मागच्या आसनावरून प्रत्येक पाटी ते वाचून दाखवत होते. माझे हात घट्ट झालेले असताना त्यांच्या त्या बोलण्याने मोठा धीर आला. होलटाउनला पोहोचायला पाऊण तास लागला.

भाड्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला एच हे अक्षर असते. ते पाहून स्थानिक चालक ओळखतात की हा पाहुणा आहे, आणि बरेच जण थांबून वाट देतात. दिवे लुकलुकवले तर "तुम्ही या" आणि हॉर्नचा एक छोटा आवाज म्हणजे "आभारी आहे". पुण्या-मुंबईच्या कानांना हे समजायला थोडा वेळ लागतो. मीही दुसऱ्या दिवसापासून असाच हॉर्न देऊ लागले.

उत्तरेला चेरी ट्री हिल आणि पूर्वेला बाथशीबा येथे गेलो तेव्हा गाडीची निवड योग्य होती याची खात्री पटली. बेटाच्या आतल्या भागात रस्ते कोल्हापूर-सांगलीकडच्या शिवारातल्या वाटांसारखे दोन्ही बाजूंनी उसाने वेढलेले आहेत. फेब्रुवारीत तोडणी नुकतीच सुरू होत असते, त्यामुळे ऊस पुरुषभर उंच उभा असतो आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. आम्ही काच खाली करून, वेग अगदी कमी करून, हॉर्न देऊनच वळत होतो. समोरून बस आली की रस्ता रुंद असेल तेथे थांबून राहायचे. मोठी व्हॅन घेतली असती तर या वाटांवर माझी फार ओढाताण झाली असती. बाथशीबाकडे उतरताना उतार तीव्र आहे; तेथे नुसत्या ब्रेकवर न राहता खालचा गिअर टाकावा. पूर्वेकडच्या स्कॉटलंड डिस्ट्रिक्टची जमीन बेटाच्या इतर भागासारखी प्रवाळाच्या चुनखडीची नसून चिकणमातीची आहे, ती सरकते, म्हणून रस्ता जागोजागी खचलेला आणि ठिगळांचा असतो. तो भाग भर दिवसा करावा. सूर्य फेब्रुवारीत सहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. आम्ही साडेचारलाच परतीला लागत होतो.

फोनवरचा नकाशा अनेकदा उसाच्या मळ्यांतली जवळची वाट सुचवतो. आम्ही क्रमांक असलेले महामार्ग धरूनच गेलो, दहा मिनिटे जास्त लागली तरी. फोनला रेंज नसेल तर बसथांब्यांकडे पाहावे: प्रत्येक थांब्याच्या पाटीवर बस शहराकडे जाते की शहराबाहेर हे लिहिलेले असते, आणि शहर म्हणजे ब्रिजटाउन. एवढ्यावरून दिशा लागते. ब्रिजटाउनमध्ये बाबांना केन्सिंग्टन ओव्हल पाहायचे होते, जेथे २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. तेथे मात्र आम्ही टॅक्सीनेच गेलो, कारण शहरातील एकेरी रस्ते आणि वाहनतळ शोधण्याची दगदग आईला नको होती. गाडी घेतली म्हणून ती सगळीकडे नेलीच पाहिजे असे नाही.

पेट्रोलचा दर सरकार ठरवते, त्यामुळे स्वस्त पंप शोधण्यात वेळ घालवण्याची गरज नाही. पंपावर माणूस इंधन भरून देतो. आमचे आठवड्याचे पेट्रोल ८८ बार्बाडोस डॉलरचे, म्हणजे ४४ अमेरिकी डॉलरचे झाले. भाडे, दोन परवाने आणि पेट्रोल मिळून गाडीचा एकूण खर्च ६९८ डॉलर.

२२ फेब्रुवारीला विमानाच्या साडेतीन तास आधी विमानतळावर पोहोचलो. त्याच रेखाचित्रावर पुन्हा पाहणी झाली, इंधनाचा काटा जुळला, आणि मी कराराच्या प्रतीवर 'नवे नुकसान नाही' असे लिहून घेऊन सही मागितली. तो माणूस लगेच तयार झाला. असे कोणी मागितले तर त्याचेही काम सोपे होते, असे म्हणाला. कार्डावर रोखलेले १५०० डॉलर २८ फेब्रुवारीला मोकळे झाले. तोपर्यंत त्या कार्डाची मर्यादा तेवढ्याने कमीच दिसते, म्हणून प्रवासातील इतर खर्चासाठी दुसरे कार्ड जवळ ठेवावे. सही असलेली प्रत, चित्रफीत आणि कार्डाचे संरक्षणपत्र मी मार्च आणि एप्रिलची विवरणपत्रे येईपर्यंत एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवले, कारण दंडाची किंवा दुरुस्तीची एखादी रक्कम उशिराने लागली तर हरकत घेण्यासाठी हेच कागद लागतात.